सातवळणीचे दम

घळीत सायकलवर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्या दिवशी दोन गोष्टी पडतात. पंक्चर काढायची डबी आणि एक बारकीशी पुस्तिका. डबी बहुतेकांना लागत नाही. पुस्तिका मात्र लोक उशाशी घेऊन झोपतात, कारण उद्या आपले पाय कुठे भरून येणार हे तिच्यात छापलेलं असतं. नदीकाठचा सपाट रस्ता, कड्यात खोदलेला बोगदा, झुलता पूल आणि नदीपासून वर पठारावर चढणारे अकरा घाट. प्रत्येक घाटापुढे एक आकडा आणि आकड्यापुढे एकच शब्द, दम. पहिल्या पुस्तिकेत बोगद्याचा घाट, एक दम. झुलत्या पुलाचा घाट, एक दम. सातवळणी, दोन दम.

हे सगळे दम एकाच छातीतून निघालेले होते. त्या छातीचे मालक मोजणीकाका. वय एकोणसाठ, अंगावर मांस कमी आणि बोलण्यात साखर त्याहून कमी. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने चार जुन्या सायकली घेऊन हा सहलींचा धंदा काढला. धाकट्याची जीभ गोड म्हणून तो ऑफिसात बसला, थोरल्याची तिखट म्हणून तो रस्त्यावर गेला. काकू, म्हणजे मोजणीकाकांच्या पत्नी, पाहुण्यांचं सामान मुक्कामावर पोचवणारी गाडी चालवू लागल्या. वाटणी तिघांनाही मानवली.

मोजायची रीत दोघा भावांनी तेव्हाच बसवली. पायथ्याला सायकलवर बसायचं आणि चढताना अधूनमधून एक वाक्य मोठ्याने म्हणायचं: "नदी खाली, रस्ता वर, मधे मी, आणि मला कसलीही घाई नाही." एका श्वासात झालं तर पायडल मारत राहायचं. मधेच तुटलं तर उतरायचं. तो एक दम. मग कठड्याला टेकून बसायचं, वाक्य पुन्हा सलग येईपर्यंत, आणि आलं की पुढे निघायचं. माथ्यावर पोचेपर्यंत जितक्यांदा उतरलात तितक्या दमांचा घाट. आकडा उतरल्या जागीच वहीत लिहायचा, वर गेल्यावर नाही, कारण माथ्यावर पोचलेला माणूस पक्का खोटारडा असतो. त्याला वाटतं, छे, फार काही नव्हतं.

आता कुणाला ही रीत पोरकट वाटली तर वाटो. पण चढाचे टक्के वाचून ज्यांच्या पोटात काही हलत नाही, त्यांनाही दम म्हटलं की लगेच कळतं. मोसमात घळीत उभं राहिलं तर ह्या वळणावरून, त्या वळणावरून कुणी ना कुणी आपल्याला घाई नसल्याचं ओरडून सांगत असतं आणि समोरचा कडा त्याला तेच उलट ऐकवतो.

दरवर्षी मोसमाआधी मोजणीकाका दहा दिवस एकटे निघायचे आणि अकराच्या अकरा घाट नव्याने मोजायचे. रस्ता कुठे उखडतो, कुठे नवी खडी पडते, कुठे दरड येऊन वळण बदलतं. सव्वीस वर्षांत एक वर्ष चुकलं नाही. यंदाही चुकलं नाही, पण यंदा दहाचे चौदा दिवस झाले. शेवटच्या दिवशी ते ऑफिसात आले, वही धाकट्याच्या टेबलावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता घरी जाऊन पडले.

दोन दिवसांनी धाकट्याने त्यांना बोलावून घेतलं.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. भिंतीवर घळीचा नकाशा, इतक्या वर्षांच्या बोटांनी नदीचा निळा रंग पुसट झालेला. मांडणीवर जुने टायर आणि पुस्तिकांचे गठ्ठे. धाकट्याने टेबलावर तीन वर्षांच्या तीन पुस्तिका मांडल्या होत्या आणि चौथी ती वही. त्याने आधी चहा मागवला, मग हवापाण्याचं बोलला. मोजणीकाका भावाला ओळखून होते. हा गूळ लावायला लागला की कुठेतरी सुरी असते.

"दादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"ते विचारल्यावर कळेल."

"सातवळणी. सुरुवातीपासून दोन दम. तीन वर्षांपूर्वी तू तीन लिहिलेस. मग चार. गेल्या वर्षी सहा. आणि ह्या वहीत आहेत आठ." त्याने वही जरा पुढे सरकवली. "बाकीचे घाटही तसेच. बोगद्याचा एक दम होता, त्याचे चार झालेत. घाट वाढतायत का, दादा?"

मोजणीकाकांनी मग काय काय सांगितलं! नवी खडी किती निसरडी आहे, वारा कसा हल्ली समोरूनच येतो, टायरवाल्याने माल कसा जड द्यायला सुरुवात केली आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण धाकट्याच्या अगदी ओठांवर आली होती. थोरल्या भावासमोर म्हणून त्याने ती चहाबरोबर गिळली.

खरं तर मोजणीकाकांना जुने आकडे उतरवून काढणं काही अवघड नव्हतं. सातवळणीच्या पाचव्या थांब्यावर तसा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला होता. कुणाला कळलं असतं? पण हात वळला नाही. जिथे उतरलो तिथे लिहायचं, ही त्यांचीच रीत. ती मोडली तर सव्वीस वर्षांच्या सगळ्या पुस्तिका खोट्या पडल्या असत्या, निदान त्यांच्यापुरत्या तरी. म्हणून आठ वेळा उतरले आणि आठ वेळा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी खडीला एक शिवी हासडली.

"गेल्या मोसमात सातवळणीवर कुणी फिरकलं नाही," धाकटा म्हणाला. "निवृत्त झालेलं एक मास्तर जोडपं आलं होतं. सहा दम वाचून त्यांनी पठारच रद्द केलं. घळ वरून बघितली नाही तर बघितलं काय? त्यांना वाटलं, हे आपलं काम नाही. आणि दादा, ते दोघं सहज चढले असते. मी त्यांना नदीकाठी सायकल चालवताना पाहिलंय."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"फोनमध्ये यंत्र येतं. चढ टक्क्यांत सांगतं."

"यंत्राला दम लागतो?"

"नाही लागत. म्हणूनच ते दरवर्षी तेच सांगतं."

मोजणीकाकांनी वही मिटून आपल्याकडे ओढली. धाकट्याने खाली मान घालून सांगून टाकलं की पुस्तिका सोमवारी छापायला जाते, दम छापायचे की टक्के, ते तोवर ठरवायला हवं. मोजणीकाकांना त्यातलं न बोललेलंही कळलं. टक्के छापले की मोजणी संपली. आणि मोजणी संपली की मागे जे उरतं ते नुसते काका. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. पाहुण्यांशी गोड बोलता येत नव्हतं, हिशेब येत नव्हता, दिवसभर घरी बसणं तर मुळीच येत नव्हतं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ते उठत म्हणाले. "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर सातवळणीवर. मीही मोजतो, तूही मोज. बघू घाट वाढलाय की माझं डोकं फिरलंय."

धाकट्याने तिन्ही पुस्तिका गोळा केल्या. मग म्हणाला, "येतो."

घर दुसऱ्या मजल्यावर. मोजणीकाका पहिला जिना चढले आणि मधल्या चौकात, खिडकीतल्या कुंडीपाशी थांबले. दार उघडून काकू वरून बघत होत्या.

"फूल आलंय का त्याला?"

"कशाला?"

"त्या रोपाला. बारा वर्षं ते तिथे आहे, तुम्ही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत. हल्ली रोज चढताना पाच-पाच मिनिटं बघत असता."

मोजणीकाका उरलेला जिना चढले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. काकूंनी गरम पाण्याची बादली आणली, त्यांचे बूट काढले आणि पाय आत सोडले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. काकू त्या चोळत राहिल्या आणि मोजणीकाका डोळे मिटून भावाची सगळी फिर्याद सांगत राहिले. बरीच लांबली ती, कारण मधे मधे थांबावं लागत होतं.

"उद्या घाटात जाण्यापेक्षा डॉक्टरकडे जा," काकू म्हणाल्या.

"डॉक्टरला घाटातलं काय कळतं?"

"घाटातलं नसेल कळत. छातीतलं कळतं."

"उद्या एकदा त्याला दाखवतो. मग काय करायचं ते कर."

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही," असं म्हणून काकूंनी टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकला आणि त्या उठल्या. त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, पण ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

सकाळी आठला दोघे भाऊ सातवळणीच्या पायथ्याला पोचले. ऊन अजून घळीत उतरलं नव्हतं. नदी खाली अरुंद होऊन दगडांमधून खळाळत होती आणि समोरच्या कड्याचा फक्त वरचा काठ उजळला होता. असल्या देखाव्यासाठी लोक कुठून कुठून येतात. मोजणीकाकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चेनला तेल आहे का बघितलं, वही छातीच्या खिशात घातली आणि टांग टाकली. टांग टाकतानाच त्यांना वाटलं, नको. परत जावं, अंथरुणात शिरावं आणि कुणी उठवू नये. पण धाकटा मागे होता.

पहिलं वळण निभावलं. दुसऱ्याच्या अलीकडे त्यांच्या कानात ठोके वाजायला लागले. आता वाक्य म्हणावं लागणार आणि ते तुटणार हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नदी खाली... रस्ता वर... थांब रे दादा! थांब! लागला मला दम."

मोजणीकाका इतक्या आनंदाने उतरले की त्यांना त्याची लाजच वाटली. कठड्यावर बसले. धाकट्यालाही इथेच लागला तर! तो तर त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, रविवारी पाहुण्यांबरोबर सायकल मारणारा. म्हणजे घाटच वाढलाय. खडीच वाईट. त्यांनी वही काढून दोन रकाने पाडले आणि दोन्हीत एकेक रेघ मारली.

"बघितलंस?" एवढंच ते म्हणू शकले.

"बघितलं," धाकटा म्हणाला.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे पुन्हा तेच. मोजणीकाकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला आणि धाकट्याने हाक मारायला एकच गाठ पडली. आणखी एक रेघ दोन्हीकडे. तिसऱ्या वळणावर तर धाकटा सायकल टाकून रस्त्यातच बसला. मोजणीकाकांनी त्याच्या शेजारी अंग टाकलं आणि आडवे होऊन आभाळाकडे बघत राहिले. तीन-तीन. बरोबरी. सोमवारी दमच छापायचे, टक्के गेले खड्ड्यात.

ते उत्तर देत नाहीत असं पाहून धाकटा आपला बोलत राहिला. "काय आहे दादा, हा कठडा इथे खचलाय तो मोसमाच्या आधी बांधून घ्यायला हवा, मागच्या वर्षी एका बाईंची सायकल इथूनच खाली जाता जाता वाचली, मी रस्तेवाल्यांना दोनदा पत्र पाठवलं पण ते ढिम्म हलले नाहीत, आता स्वतःच जाऊन बसतो त्यांच्या दारात."

मोजणीकाका आभाळाकडेच बघत होते. पण त्यांचे कान सव्वीस वर्षं एकच काम करत आले होते. दुसऱ्याचा श्वास ऐकायचा, कुठे तुटतो ते ऐकायचं. आणि आत्ता जे वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेलं ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुठे तुटलं नव्हतं. ज्याला दम लागलाय तो रस्तेवाल्यांची गाऱ्हाणी सांगत नाही. तो 'पाणी' म्हणायला जातो आणि 'पा' वरच अडकतो.

त्यांनी मान वळवून पाहिलं. धाकट्याचं कपाळ कोरडं होतं. सदरा पाठीला चिकटलेला नव्हता. तो कठड्याकडे बघत होता आणि मुद्दाम त्यांच्याकडे बघत नव्हता.

आधी राग आला. ऑफिसात बसून लोकांना गोड बोलायचं ते बोल, माझ्याशी कशाला? मग आठवलं, प्रत्येक वेळी हा त्यांच्या थोडा आधीच थांबला होता. एकदा आधी, दोनदा आधी, तिन्ही वेळा. म्हणजे मागून तो स्वतःचा नाही, ह्यांचा श्वास मोजत येत होता. रागाला पुढे जायला जागाच उरली नाही. त्यांना अतिशय थकल्यासारखं झालं. पाय थकले होते ते वेगळं. तीन वर्षं खडीला, वाऱ्याला, टायरवाल्याला दोष देऊन देऊन ते थकले होते. आणि हे कुणीतरी ओळखावं म्हणून थांबून थांबूनही थकले होते.

बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं.

"उठ."

"बस रे जरा. मला अजून—"

"तुला काही झालेलं नाही. कोरडा ठणठणीत आहेस." ते थांबले, श्वास घेतला. "सायकल उचल. खाली जा. अगदी पायथ्याला. तिथून निघ आणि वर जाऊन ये. खरं मोजून."

"आणि तू?"

"मी इथे बसतो."

धाकट्याचा चेहरा उतरला. "दादा, मी काही तुला खोटं पाडायला—"

"मला माहीत आहे तू कशाला केलंस ते. तिथवर आपली अक्कल चालते. जा आता."

धाकटा उठला. दोनदा मागे वळून बघितलं. मग उतारावर सायकल सोडली आणि वळणाआड गेला.

मोजणीकाका कठड्याला पाठ लावून बसले. सातवळणी अशी आहे की एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावर, दुसरा तिसऱ्याच्या. मधल्या वळणावर बसलं की खालचं खाली आणि वरचं वर, सगळं ऐकू येतं. ऊन आता कड्यावरून खाली उतरत होतं. घळीत एवढी शांतता होती की पायथ्याला धाकट्याने सायकल वळवली तेही त्यांना कळलं. चेन करकरत वर यायला लागली. "नदी खाली, रस्ता वर, मधे मी—" सलग. पुढचं वळण. पुन्हा म्हटलं आणि ह्या वेळी 'कसलीही'च्या मधोमध तुटलं. चेन थांबली. मोजणीकाकांनी मांडीवर बोटाने टकटक केली. चेन पुन्हा सुरू झाली आणि थोड्या वेळाने धाकटा समोर आला. लाल झालेला, मिशांवर घाम, तोंड उघडं. त्याने भावाकडे पाहिलं नाही. तसाच समोरून वर गेला, आणि मोजणीकाकांनीही हाक मारली नाही.

त्यांना हेवा वाटला. खोटं कशाला बोला, चांगलाच वाटला. ते वळण, तो चौथ्या-पाचव्यामधला तीव्र तुकडा जिथे पुढचं चाक उचलल्यासारखं होतं, तो माथ्याआधीचा वारा, सगळं त्यांचं होतं आणि आता दुसरा कुणीतरी त्यातून चालला होता. पण हेव्याच्या खालीच दुसरंही काही होतं. वर जायचं नाही. आज नाही आणि उद्याही नाही. हे मनात येताच त्यांचे खांदे आपोआप खाली आले आणि पाय रस्त्यावर लांब पसरले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, बघायला होतं कोण.

वर चेन थांबली. टकटक. सुरू झाली. बराच वेळ चालली, आवाज बारीक होत गेला, आणि पुन्हा थांबली. टकटक. मग सुरू झाली ती थेट माथ्यापर्यंत.

धाकटा उतरून आला तेव्हा वाऱ्याने त्याचा घाम सुकला होता. तो सायकल स्टँडला लावून भावासमोर उकिडवा बसला.

"किती?" मोजणीकाकांनी विचारलं.

"दोन," धाकटा म्हणाला. "तुझेच दोन, दादा. सव्वीस वर्षांपूर्वीचे. घाट तसाच्या तसा आहे."

मोजणीकाकांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि दोन्ही त्याच्या हातात दिली.

"तीन," ते म्हणाले. "एक खाली, दोन वर. चेन तीनदा थांबली, मी इथून ऐकलं. तीन लिही. पहिल्याच दिवशी खोटं मोजू नकोस."

धाकट्याने वही उघडली. पहिल्याच दिवशी, हे शब्द त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरले तेव्हा त्याने मान खाली घातली, सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं आणि वही गुडघ्यावर ठेवून तीन लिहिलं. मोजणीकाकांनी वाकून बघितलं. अक्षर चांगलं होतं. आकडा बरोबर होता.

"आता वहिनीला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, गाडी घेऊन ये. सामान एक आहे."